मुक्त कार्यप्रणालींची नावे आणि लोकांच्या मनातील त्यांची प्रतिमा : वाचनालयाच्या संगणकांवर कोणते नाव लिहावे?

वाचनकट्टा_करवीर

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी समितीवर काम करतो. आमच्या अभ्यासिकेतील संगणकांवर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित आधार थांबवला, आणि यंत्रे जुनी असल्यामुळे विंडोज ११ त्यांवर अधिकृतपणे बसत नाही. यंत्रे चालू स्थितीत असताना ती भंगारात काढणे आम्हाला मान्य नव्हते, म्हणून मी समितीपुढे मुक्त स्रोत (म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, प्रस्ताव ठेवला.

चर्चा तंत्रापर्यंत पोहोचलीच नाही, ती नावांपाशीच अडली. प्रस्तावाच्या एका परिच्छेदात ‘लिनक्स मिंट’, ‘सिनॅमन’, ‘विल्मा’ आणि ‘उबुंटूवर आधारित’ हे चारही उल्लेख आले होते. (मिंट ही प्रणाली, सिनॅमन हा तिचा डेस्कटॉप, विल्मा हे तिच्या आवृत्तीचे सांकेतिक नाव आणि उबुंटू ही तिच्या पायाशी असलेली प्रणाली.) एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की या चौघांपैकी नेमके काय बसवायचे आहे. दुसऱ्या सदस्यांनी लिनक्स हे हॅकर वापरतात असे ऐकले होते, आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांसमोर तसले काही नको, असे त्यांचे म्हणणे पडले. दोघेही समंजस आणि वाचनालयासाठी झटणारे आहेत, त्यामुळे त्यांच्या शंका मी हलक्या मानत नाही.

या प्रणाली बनवणाऱ्यांनी नावे स्वतःच्या वर्तुळासाठी ठेवली, आणि तीच नावे जशीच्या तशी जनतेसमोर आली, असे माझे मत झाले आहे. प्रणालीची गुणवत्ता कळण्याआधीच माणूस नावापाशी थबकतो. आपले अनुभव काय आहेत? आणि आमच्या संगणकांवर व सूचनाफलकावर कोणते नाव लिहावे?

राजारामपुरी_रिपेअर

दुकानाचा अनुभव सांगतो. काउंटरवर येणारा ग्राहक कधीही ‘ऑपरेटिंग सिस्टिम टाका’ असे म्हणत नाही. तो ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ असे म्हणतो. त्याच्या दृष्टीने विंडोज हे संगणकाच्या आत असणाऱ्या गोष्टीचेच नाव आहे, आणि ज्यात विंडोज नाही तो संगणक अपुरा आहे.

याला बिलावरच्या नोंदीही कारणीभूत आहेत. स्वस्त लॅपटॉप ‘डॉस’ किंवा ‘उबुंटू’ अशा नोंदीने विकले जात आले आहेत. त्या नोंदीचा अर्थ बाजारात ‘विंडोजचे पैसे वाचवलेले मॉडेल’ असा घेतला जातो, आणि घरी जाण्याआधीच ग्राहक ते पुसून घ्यायला आमच्याकडे येतो. उबुंटूचे नाव अशा कितीतरी जणांनी वाचले, पण ती प्रणाली कधी सुरू करून पाहिली नाही. स्वस्त खोक्यावर छापलेले नाव लोकांच्या मनात स्वस्तच राहिले.

जुना_डेबियनकर

मूळ लेखातील ‘स्वतःच्या वर्तुळासाठी’ हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यामागची कारणेही पाहायला हवीत, कारण ती नावे केवळ लहर म्हणून आलेली नाहीत.

लिनस टोरवाल्ड्स यांना १९९१ साली आपल्या कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, ‘फ्रीक्स’ हे नाव द्यायचे होते. ‘लिनक्स’ हे नाव स्वतःच्या नावावरून असल्यामुळे त्यांना ते अहंमन्य वाटत होते. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठात फाइली इतरांना उतरवून घेता याव्यात म्हणून ठेवलेला एफटीपी सर्व्हर सांभाळणारे आरी लेम्के यांना ‘फ्रीक्स’ आवडले नाही, आणि त्यांनी फाइली ठेवायच्या फोल्डरला ‘लिनक्स’ असे नाव देऊन टाकले. पुढे जगभर तेच रूढ झाले. ‘विक्षिप्त’ अशा अर्थाची छटा असलेले ते पहिले नाव टिकले असते, तर आज कोणत्याही समितीत प्रस्ताव मांडणे कितीतरी अवघड गेले असते.

डेबियन या लिनक्स प्रणालीची कथा वेगळी आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली प्रकल्प सुरू केला, तेव्हा तेव्हाची त्यांची मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचे नाव जोडून त्यांनी ‘डेबियन’ हा शब्द तयार केला. १९९५ साली सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट विकास-आवृत्ती चुकून ‘१.०’ म्हणून विकली. प्रकल्पाला तो क्रमांक सोडून द्यावा लागला आणि पुढची अधिकृत आवृत्ती १.१ म्हणून आली. तयार होत असलेल्या आवृत्तीला क्रमांकाऐवजी सांकेतिक नाव देण्याचा मोठा उपयोग हाच आहे, की अपुरे काम कोणी पूर्ण समजून उचलत नाही. ती नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची आहेत, कारण त्या काळात प्रकल्पाचे नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स तो चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. सतत बदलत राहणाऱ्या अस्थिर शाखेला ‘सिड’ हे कायमचे नाव मिळाले, आणि चित्रपटात सिड हा खेळणी मोडणारा मुलगा आहे. ज्याला संदर्भ ठाऊक आहे, त्याला या एका नावातच पुरेसा इशारा मिळतो.

सांकेतिक नाव हे कारखान्याच्या आतले खूणनाव आहे, ते दुकानाच्या पाटीवर गेले की घोटाळा होतो. ‘विल्मा’ प्रस्तावात यायलाच नको होते.

पंचगंगा

मी असहमत आहे. नावाला आपण नको तेवढे महत्त्व देत आहोत. अँड्रॉइडच्या आवृत्त्या कपकेक, डोनट, जेलीबीन अशा खाऊच्या नावांनी येत होत्या, तरी आपल्याकडे भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांनी तो फोन घेतला. माणूस दुकानातून जे आधीच बसवलेले मिळते ते वापरतो. विंडोज संगणकासोबत येते, म्हणून ते चालते. एवढेच कारण पुरेसे आहे.

संगणकशिक्षिका

पंचगंगा, आपले ‘आधीच बसवलेले’ हे कारण मला मान्य आहे, पण अँड्रॉइडचे उदाहरण आपल्या मताच्या विरुद्ध जाते असे मला वाटते. ती खाऊची नावे ग्राहकाला क्वचितच लक्षात असत. त्याच्या समोर ‘अँड्रॉइड’ हे एकच नाव सतत होते. शिवाय गूगलने २०१९ साली ती पद्धत जाहीर आवृत्त्यांसाठी थांबवली आणि सरळ ‘अँड्रॉइड १०’ असे म्हटले. ही नावे जगभरच्या लोकांना सहज कळत नाहीत, हेच कारण कंपनीने दिले होते. म्हणजे इतके यश मिळाल्यावरही त्यांना नावाचा प्रश्न सोडवावासा वाटला.

अँड्रॉइडच्या आत लिनक्स कर्नल आहे, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांना मोठे आश्चर्य वाटते. ज्या गोष्टीला ती घाबरतात ती त्यांच्या खिशात आधीपासून असते. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व लिनक्सवर चालणारे आहेत. तरीही रोजच्या बोलण्यात लिनक्स हा शब्द काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांपुरताच राहिला आहे. जिथे ते निर्वेध चालते तिथे त्याचे नाव लपलेले असते, आणि जिथे नाव दिसते तिथे बहुधा काहीतरी अवघड चाललेले असते. लोकांचे मत अशा वेळी कसे बनणार?

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. एका पिढीने संगणक शिकला तो एमएस-सीआयटीच्या निमित्ताने, आणि तो प्रामुख्याने विंडोजवर. परीक्षेतील प्रश्नांतही ‘स्टार्ट बटण’ हाच संगणकाचा आरंभ होता. त्या नावांशी लोकांचे प्रमाणपत्र आणि नोकरी जोडलेली आहे. नव्या नावाला तो आधार नाही.

कळंबा_अभियंता

समितीतील सदस्यांच्या ‘हॅकर’ या शंकेचा उगम मला ठाऊक आहे, कारण तो आमच्याच वसतिगृहात दिसतो. प्रथम वर्षाचा विद्यार्थी लिनक्स बसवायचे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात ‘काली लिनक्स’ असते. काली ही सुरक्षा-चाचणीचे काम करणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनवलेली, डेबियनवर आधारित प्रणाली आहे. ती २०१३ साली आली. त्याआधी तिच्या निर्मात्यांची ‘बॅकट्रॅक’ नावाची प्रणाली होती. काली ही लिनक्सशी प्रथमच ओळख होणाऱ्यांसाठी नव्हे, असे तिच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट म्हटले आहे. पण आपल्या कानांना ते नाव ओळखीचे आणि उग्र वाटते, सोबत ड्रॅगनचे चिन्ह असते, आणि वायफायचा पासवर्ड काढण्याच्या चित्रफिती त्याच नावाने फिरतात. एका विशिष्ट कामाच्या हत्याराचे नाव संपूर्ण कुळाचे नाव होऊन बसले आहे.

आतली परिभाषाही याला हातभार लावते. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणतात, प्रोग्रॅम थांबवण्याची आज्ञा ‘किल’ आहे, आणि संपूनही नोंद उरलेल्या प्रक्रियेला ‘झॉम्बी’ म्हणतात. जाणकाराला यात काही वाटत नाही, पण शेजारी बसलेले वडील पडद्यावर हे शब्द वाचतात तेव्हा त्यांच्या मनात शंका येते.

जुना_डेबियनकर

कळंबा_अभियंता यांना दुजोरा. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त कार्यप्रणालीचे शुभंकर शिंगे आणि त्रिशूळसदृश शस्त्र असलेले लाल भूत होते, ‘डीमन’ या शब्दावरच्या कोटीतून आलेले. प्रकल्पाने २००५ साली स्पर्धा घेऊन वेगळे बोधचिन्ह स्वीकारले. ते भूत शुभंकर म्हणून आजही आहे, पण पत्रव्यवहारावर आणि फलकावर नवे चिन्ह असते. आतली आणि बाहेरची ओळख अशी वेगळी ठेवता येते.

मुक्तछंद

या चर्चेत आतापर्यंत ज्या नावाचा उल्लेखच झाला नाही, ते नाव मला मांडायचे आहे, आणि ते नाव आहे ग्नू. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा लिनक्स अस्तित्वातही नव्हते. कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम), मूलभूत आज्ञा, सी भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) हे सर्व त्या प्रकल्पाने घडवले होते, आणि टोरवाल्ड्स यांच्या कर्नलने उरलेली जागा भरली. म्हणूनच स्टॉलमन आणि त्यांचे सहकारी ‘ग्नू/लिनक्स’ असे म्हणण्याचा आग्रह धरतात, आणि डेबियनने तो आपल्या अधिकृत नावात पाळला आहे.

हा श्रेयाचा प्रश्न आहेच, पण त्याहून अधिक तो उद्देशाचा प्रश्न आहे. वापरणाऱ्याला प्रोग्रॅम समजून घेण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य असावे, यासाठी ते काम सुरू झाले. नाव गाळले की उद्देश गळतो, आणि शिल्लक राहते ते केवळ ‘फुकटचे विंडोज’. सार्वजनिक वाचनालयाने तरी संपूर्ण नाव लिहावे, कारण ज्ञान सर्वांसाठी खुले असावे हे त्याचेही ध्येय आहे.

पंचगंगा

मुक्तछंद, श्रेय योग्यच आहे. पण तिरकी रेघ असलेले नाव फलकावर लिहिले, की येणारा प्रत्येक वाचक आधी त्या रेघेचा अर्थ विचारणार.

संगणकशिक्षिका

मला वाटते दोन्ही बाजूंकडे वजन आहे. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला करण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर लगेच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पालो आल्टोतील एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग सुचवला. व्यवसाय करणाऱ्यांना ‘फ्री सॉफ्टवेअर’ या आधीच्या नावातून स्वातंत्र्याऐवजी फुकटेपणा ऐकू येत होता, ही अडचण त्यामागे होती. नाव बदलल्यावर कंपन्यांची दारे उघडली, हे खरे. मुक्तछंद यांना जी खंत वाटते, की दारे उघडली पण स्वातंत्र्याचा विचार बाहेरच राहिला, तीही खरी आहे. ‘ग्नू/लिनक्स’ या नावाचा एक व्यावहारिक लाभही सांगते : अँड्रॉइडमध्ये लिनक्स कर्नल आहे पण ग्नूची ती साधने नाहीत, त्यामुळे दोहोंतील भेद त्या नावाने नेमका दाखवता येतो. वर्गात मी ते नाव वापरते. दारावरच्या पाटीवर मात्र मी ते लिहिणार नाही.

शिरोली_टर्नर

आमच्या क्षेत्रातील एक उदाहरण देतो, कारण कोल्हापुरात संगणकाचा विषय निघाला की लोक कार्यालयांचेच पाहतात आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर येथील यंत्रे विसरतात.

सीएनसी यंत्रे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रे, साध्या संगणकावरून चालवण्यासाठी एक मुक्त स्रोत प्रणाली आहे. तिचे मूळ अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, प्रकल्पात आहे, आणि तिचे नाव ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’, संक्षेपाने ‘ईएमसी’ होते. पुढच्या पिढीला ‘ईएमसी२’ म्हणत. त्याच आद्याक्षरांची एक मोठी डेटा-साठवण कंपनी होती. तिने हरकत घेतल्यावर २०११ साली प्रकल्पाने ‘लिनक्ससीएनसी’ हे नाव घेतले. नाइलाजाने झालेला हा बदल माझ्या मते त्या प्रकल्पाला लाभलेला सर्वांत मोठा उपकार आहे. ‘ईएमसी२’ म्हटल्यावर आमच्या कारागिराला काहीच बोध होत नसे. ‘लिनक्ससीएनसी’ म्हटले की अर्धे नाव त्याच्या रोजच्या तोंडचे असते. लेथवर आयुष्य काढलेला मिस्त्रीसुद्धा ‘म्हणजे सीएनसीचंच हाय न्हवं?’ असे विचारतो आणि पुढे ऐकायला थांबतो. हॅकर वगैरे विचार त्याच्या मनाला शिवत नाही, कारण त्याने लिनक्स हा शब्द प्रथम ऐकला तोच लोखंड कापण्याच्या संदर्भात.

म्हणून मला पंचगंगा यांचे म्हणणे अर्धेच पटते. नाव चांगले असून भागत नाही हे कबूल, पण नाव कामाला चिकटलेले असेल तर माणूस निदान ऐकून घेतो.

चर्मकला

नावावर हक्क कोणाचा, हा मुद्दा येथे यायला हवा. आमच्या घरी चपलांचा व्यवसाय आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सपाट चामडी चपला जगात कोणीही शिवू शकतो, परंतु ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ठरावीक जिल्ह्यांच्या कारागिरांचे आहे. मुक्त स्रोतातही कौशल्य खुले आणि नाव राखीव अशीच रचना आहे का?

जुना_डेबियनकर

चर्मकला, बहुतांशी तशीच आहे, आणि आपण फार मोलाचा प्रश्न विचारला आहे. ‘लिनक्स’ या नावाची ट्रेडमार्क नोंदणी एका तिऱ्हाइताने अमेरिकेत करून घेतली होती. वादानंतर १९९७ साली ती टोरवाल्ड्स यांच्याकडे आली.

रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स प्रणालीचा स्रोत वापरून ‘सेंटओएस’ ही प्रणाली बनवली जात असे, परंतु रेड हॅटचे नाव आणि चिन्ह वापरता येत नसल्यामुळे सेंटओएसच्या माहितीत मूळ कंपनीचा उल्लेख ‘उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता’ अशा वळणाने केला जाई. डेबियन आणि फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला यांच्यात असाच वाद झाला, आणि २००६ ते २०१६ या काळात डेबियनवर फायरफॉक्स ‘आइसवीझल’ या नावाने मिळत होता. ब्राउझर तोच होता. पण नवखा माणूस फायरफॉक्स शोधत असे, त्याला तो सापडत नसे, आणि ‘या प्रणालीत फायरफॉक्सही चालत नाही’ असा समज घेऊन तो परत जात असे.

उलट दिशेनेही हानी होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस लिनक्स बंद करून केवळ ‘सेंटओएस स्ट्रीम’ चालू ठेवण्याचे जाहीर झाले. नाव जवळपास तेच, पण स्ट्रीम ही रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीच्या आधी चालणारी शाखा आहे, पूर्वीसारखी मागून येणारी स्थिर प्रत नव्हे. ज्यांचे सर्व्हर त्या नावाच्या विश्वासावर उभे होते, त्यांना रॉकी किंवा अल्मा यांसारख्या नव्या नावांकडे जावे लागले. नावावर बसलेला विश्वास असा एका घोषणेत हलतो. लिंडोज या लिनक्स प्रणालीचा खटलाही आठवतो. विंडोजच्या जवळ जाणारे ते नाव २००४ च्या तडजोडीत सोडावे लागले, मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दोन कोटी डॉलर दिले, आणि ‘लिनस्पायर’ या नव्या नावाने ती प्रणाली फार काळ लोकांच्या लक्षात राहिली नाही.

कोचीतला_कोल्हापूरकर

संस्थेने स्वतःचे नाव द्यावे का, हाही पर्याय तपासावा. केरळमधील सरकारी शाळांत अनेक वर्षे मुक्त प्रणाली शिकवली जाते, आणि ती ‘आयटी@स्कूल’ या शैक्षणिक प्रकल्पाच्या नावाने रुजली. येथील पालकांना ती शाळेची प्रणाली म्हणून ठाऊक आहे, त्यामुळे भीतीचा प्रश्न उद्भवत नाही. फ्रान्सच्या जॉन्दार्मरी या पोलीस दलाने उबुंटूवरून ‘जेंडबुंटू’ बनवले. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली दिली, तिचे पूर्ण नाव ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’ आहे.

मात्र स्वतःचे नाव द्यायचे, तर त्यामागे शिक्षक, पुस्तके आणि मदतकेंद्र उभे करावे लागते. एका वाचनालयाने तसे नाव दिले तर अडचण आल्यावर वाचक इंटरनेटवर काय शोधणार?

राजारामपुरी_रिपेअर

हे अगदी खरे आहे. पाटीवर लिहिलेलेच नाव शोधल्यावर मदत मिळाली पाहिजे.

शिरोली_टर्नर

‘लिनक्स’ की ‘लायनक्स’? आमच्याकडे दुसरेच अधिक ऐकू येते.

संगणकशिक्षिका

टोरवाल्ड्स स्वतः ‘लिनुक्स’ला जवळ जाणारा उच्चार करतात, त्यांचे तसे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध आहे. मराठी छापील मजकुरात ‘लिनक्स’ स्थिरावले आहे, तेच ठेवावे, आणि जो ‘लायनक्स’ म्हणेल त्याला कोणी अडवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पाटीवर ‘लिनक्स मिंट’ एवढे एकच नाव मोठ्या अक्षरांत असावे. मुक्तछंद यांचा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून शेजारी एक पानभर माहिती लावावी आणि तीत ग्नू प्रकल्पाचा इतिहास व त्यामागचा विचार नीट सांगावा. वाचनालयात येणारा माणूस वाचायलाच येतो. ‘सिनॅमन’, ‘विल्मा’, ‘उबुंटूवर आधारित’ हे तपशील देखभालीच्या वहीत असू द्यावेत. शिरोली_टर्नर यांच्या अनुभवावरून नावाखाली काम लिहावे : इंटरनेट, मराठी टंकलेखन, पीडीएफ वाचन, परीक्षेचे अर्ज.

मुक्तछंद

माहितीचे पान मी लिहून देतो. त्यात काली लिनक्स म्हणजे काय आणि वाचनालयातील प्रणालीपेक्षा तिचा उपयोग कसा वेगळा आहे, हेही दोन वाक्यांत यावे, म्हणजे समितीतील सदस्यांच्या शंकेला थेट उत्तर मिळेल.

वाचनकट्टा_करवीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संगणकशिक्षिका यांनी सुचवलेली रचना पुढील सभेत ठेवतो, आणि प्रस्ताव नव्याने लिहिताना त्यात एकच नाव येईल याची काळजी घेतो. ज्या ज्येष्ठ सदस्यांनी ‘चौघांपैकी कोणते’ असे विचारले होते, त्यांनाच मसुदा आधी दाखवणार आहे. त्यांना कळला तर तो वाचकांनाही कळेल. आवृत्तीचा क्रमांक पाटीवर द्यावा की नको, एवढेच सांगावे.

जुना_डेबियनकर

क्रमांक वहीत आणि वर्ष पाटीवर, असे करावे. उबुंटूच्या क्रमांकात वर्ष आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, ही त्यांची पद्धत मला सर्व नावांहून प्रामाणिक वाटते. मिंट २२ ही मालिका त्याच आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. ‘सुरक्षा-अपडेट २०२९ पर्यंत’ ही ओळ नावाखाली लिहिलीत, तर समितीला पुढचा निर्णय केव्हा घ्यायचा हेही त्याच पाटीवरून कळेल.

राजारामपुरी_रिपेअर

पाट्यांचे स्टिकर मी छापून देतो, पैसे नकोत. मजकूर अंतिम झाला की येथेच टाका, म्हणजे दुकानातून मिंट बसवून जाणाऱ्या संगणकांवरही तोच लावता येईल. आमच्या बिलावर अशा यंत्रांची नोंद ‘विंडोजशिवाय’ अशी होत आली आहे, तिथेही आता ‘लिनक्स मिंट’ असे छापायला सांगतो.